गुलाब, लिली आणि साबरबोंड

हार्बर मार्गावरची गाडी मानसरोवर सोडून पुढे निघाली, की पनवेलच्या आधीचे जे शेवटचे स्थानक लागते, त्याचे नाव खांदेश्वर. ज्या शिवालयावरून हे नाव पडले, ते देऊळ आणि त्यालगतचे तळे अजून जागच्या जागी असले, तरी सभोवारची वस्ती मात्र सिडकोने कागदावर आखून मग जमिनीवर उतरविलेली, सेक्टरांना क्रमांक असलेली, आणि म्हणूनच इतिहासाच्या जिज्ञासूला प्रथमदर्शनी काहीशी निराश करणारी आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला गतकाळाविषयी लिहावयाचे झाले, म्हणजे विषय दूरदूरचे शोधावे लागतात. क्वचित ते आपण होऊन, सुट्टीला आलेल्या भाचीच्या पिशवीतून, घरात येतात. गेल्या मे महिन्यात माझ्याकडे एक विषय तसाच आला.

पिशवीत कपडे थोडे आणि पुस्तके फार. जपानी चित्रकथांची ती पुस्तके तळहाताएवढी, आत सगळा काळापांढरा मामला, आणि कागदही हलकाच. त्यांतले एक मी उचलले, दोन पाने चाळली, काहीच संगती लागेना म्हणून खाली ठेवणार, तोच भाची म्हणाली, "मामा, तुम्ही शेवटापासून सुरुवात केलीत. हे उजवीकडून वाचायचं असतं." पेशवे दप्तरातल्या फारसी कागदाप्रमाणे उजवीकडून डावीकडे जाणारे ते पुस्तक मी फिरवून घेतले, चौकटींचा क्रम तिने बोटाने दाखविला, आणि तासाभरात पुस्तक संपले.

फुमी योशिनागा या लेखिका-चित्रकर्तीची ही कथामाला. नावाचा अर्थ सरळ आहे: काल काय जेवलात? 2007 पासून ती 'मॉर्निंग' या साप्ताहिकात चालू आहे. काकेई शिरो नावाचा वकील आणि याबुकी केन्जी नावाचा केशकर्तनकार असे दोन मध्यमवयीन पुरुष तोक्योत एका घरात संसार करतात. शिरो हिशेबी, महिन्याचा खाण्याचा खर्च पंचवीस हजार येनांच्या आत बसविण्याचा त्याचा कटाक्ष असतो. दुकानात आख्खे कलिंगड स्वस्त मिळते, पण दोघांच्या घराला ते जास्त होणार, म्हणून शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहिणीशी निम्मे निम्मे करण्याचा करार तो करतो, आणि त्या कलिंगडापायी दोन घरांचा कायमचा घरोबा जमतो. मग कोबी चिरणे, रस्सा उकळणे, भांड्यांचा क्रम लावणे, आणि संध्याकाळी केन्जीने पहिला घास घेऊन प्रसन्न होणे. समलिंगी पुरुषांची कथा म्हणताच काही निषिद्ध, काही उत्कट, निदान काही दुःखद वाचावयास मिळेल अशी जी माझ्या पिढीची अपेक्षा असते, तिच्या पदरात पडला तो भाजीचा हिशेब.

ही अपेक्षा माझ्या मनात कोठून आली, आणि जपानी चित्रकथा तिच्यापासून इतक्या दूर कशी पोहोचली, या दोन प्रश्नांचा माग काढताना जे हाती आले, ते येथे मांडतो.

जपानचा या बाबतीतला पूर्वेतिहास आपल्याकडे कित्येकांना ठाऊक नसतो. पुरुषांमधील प्रेमाचा उघड उल्लेख त्या साहित्यात जुना आहे. इहारा साइकाकु याने 1687 साली या एकाच विषयावर चाळीस कथांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि त्यात सामुराई जितके आहेत, जवळजवळ तितकेच काबुकी रंगभूमीवरचे नटही आहेत. काबुकीच्या बाबतीत राज्यकर्त्यांनी 1629 मध्ये स्त्रियांना रंगमंचावरून उठविले आणि 1652 मध्ये तरुण मुलग्यांनाही, तेव्हा प्रौढ पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याचा शिरस्ता पडला. पुढे मेइजी सरकारने 1872 च्या सुमारास पुरुषसंबंधास शिक्षा ठरविणारा हुकूम काढला खरा, पण फ्रेंच कायदेपंडित बोआसोनाद याच्या सल्ल्याने तयार झालेल्या 1880 च्या दंडसंहितेत ते कलम गाळले गेले आणि 1882 मध्ये ती संहिता अमलात आल्यावर तो गुन्हा उरला नाही. आपल्याकडे 1860 च्या दंडसंहितेतील 377 वे कलम 1 जानेवारी 1862 पासून लागू झाले, आणि प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते निष्प्रभ व्हावयास 6 सप्टेंबर 2018 हा दिवस उजाडावा लागला. एकीकडे दहा वर्षे आणि दुसरीकडे एकशे छप्पन्न, हा फरक लहान नाही. तरीही केवळ कायद्याने हा उलगडा होत नाही, असे माझे मत आहे. कारण कायदा नसतानाही जपानी कुटुंबाने, कचेरीने आणि शेजाऱ्याने या माणसांना सुखाने जगू दिले असे नाही, आणि दोन पुरुषांच्या विवाहाला तेथील कायदा आजही विवाह मानीत नाही. उलगडा शोधावयाचा तर न्यायदरबारापेक्षा छापखान्यात शोधावा.

त्या छापखान्यात आपल्याला पहिल्याने भेटते ती नोबुको योशिया. 1916 पासून मुलींच्या एका मासिकात तिने फुलांची नावे दिलेल्या कथांची माला लिहावयास घेतली आणि ती 1924 पर्यंत चालविली. मुलींच्या निवासी शाळांतील दोघींची परस्परांवरची जिवापाड माया हा त्या कथांचा जीव. शाळकरी मुलींनी या नात्याला एक इंग्रजी अक्षर बहाल केले, 'एस'. सिस्टर या शब्दाचे आद्याक्षर. वडीलधाऱ्यांचा समज असा, की हे वय सरले आणि लग्न ठरले, म्हणजे हे वेड आपोआप उतरते, आणि म्हणून त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. योशियाचे उतरले नाही. 1923 मध्ये मोन्मा चियो नावाची शिक्षिका तिच्या आयुष्यात आली, आणि 1973 मध्ये योशियाचा अंत होईपर्यंत दोघी एकत्र राहिल्या. विवाह अशक्य, आणि विवाहावाचून मिळकतीवर वारसाहक्क नाही; तेव्हा 1957 साली योशियाने चियोला कायदेशीर दत्तक घेतले. आपल्याकडे दत्तकपत्रावरून संस्थाने गेली आणि पिढ्यान्पिढ्या दावे चालले, ते सर्व पुत्रासाठी. एका स्त्रीने आपल्या सहचारिणीसाठी दत्तकाचाच दस्तऐवज वापरावा, ही युक्ती आपल्या जुन्या कारकुनांनाही कौतुकाची वाटली असती.

येथे थोडे आडवळण घेतो, कारण मराठी वाचकाला ते चुकविणे कठीण जाईल. 1913 साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली आणि बालगंधर्वांच्या शालूची, नथीची आणि चालण्याची नक्कल महाराष्ट्रातल्या घराघरांतील स्त्रिया करू लागल्या. त्याच्या पुढल्याच वर्षी, 1914 मध्ये, जपानात ताकाराझुका येथे सर्वस्वी मुलींच्या नाटकमंडळीने पहिला प्रयोग केला, आणि त्यात पुरुषांची कामेही मुलीच करीत. आपल्याकडे स्त्री पार्टी, तिकडे पुरुष पार्टी. दोन्हीकडे प्रेक्षागृहातल्या स्त्रिया वेड्या झाल्या. पण आपल्या मंडळीने त्या वेडाला कलेचे कौतुक म्हटले आणि पुढे विचार करण्याचे नाकारले, तर त्यांच्याकडे त्या वेडाचा वंश वाढला. ओसामु तेझुका हा जपानी चित्रकथेचा आधुनिक जनक ताकाराझुका गावातच लहानाचा मोठा झाला, आणि 1953 मध्ये मुलींच्या मासिकासाठी त्याने रंगविलेली, पुरुषवेष धारण करून तलवार चालविणारी राजकन्या त्या रंगमंचावरूनच उतरलेली आहे. ती राजकन्या वाचून वाढलेल्या मुलींनीच पुढचा सर्व इतिहास घडविला.

त्या मुलींना जपानी समीक्षक 'चोविसाव्या वर्षाच्या' म्हणतात, कारण त्यांच्यापैकी बहुतेकींचा जन्म शोवा शकाच्या चोविसाव्या वर्षाच्या, म्हणजे 1949 च्या आगेमागे झाला. त्यांतल्या दोघी, मोतो हागिओ आणि केइको ताकेमिया, 1970 नंतरची दोनतीन वर्षे तोक्योच्या ओइझुमी भागात भाड्याच्या एका लहानशा घरात एकत्र राहून चित्रे काढीत. जवळच राहणारी नोरिए मासुयामा ही त्यांची मैत्रीण स्वतः चित्रकार नव्हती, पण पुस्तकांची आणि चित्रपटांची जाणकार होती. तिने त्यांना हेरमान हेसे वाचावयास दिला, आणि युरोपातल्या मुलग्यांच्या निवासी शाळांचे जग दाखविले. फ्रान्समधल्या अशाच एका शाळेतील दोन मुलग्यांच्या प्रेमावरचा चित्रपट पाहून हागिओने एक कथा योजिली. प्रथम तिने मुलींची शाळा कल्पून आराखडा करून पाहिला, पण तो तिला रुचला नाही; मुलगी म्हटली, की तिच्याभोवतीची बंधने कागदावरही येऊन बसत. मुलगे घातले आणि लेखणी मोकळी झाली. विशीतल्या तरुणींनी शाळकरी मुलींसाठी मुलग्यांमधले प्रेम का रंगवावे, या प्रश्नावर आजवर पुष्कळ पांडित्य खर्ची पडले आहे. मला हा एवढा खुलासा पुरेसा वाटतो.

'थॉमसचे हृदय' या नावाची ती कथा 1974 मध्ये मुलींच्या एका साप्ताहिकात सुरू झाली. पहिल्याच पानांत थॉमस नावाचा विद्यार्थी बर्फाच्या दिवसात पुलावरून उडी घेऊन जीव देतो, आणि ज्याच्यावर त्याचे प्रेम होते त्या युलीच्या हाती मागाहून त्याचे पत्र पडते. आता त्या साप्ताहिकांचा एक शिरस्ता लक्षात घ्यावयास हवा. अंकात मतपत्रिका असे, वाचक मुली आवडत्या कथेवर खूण करून ती टपालात टाकीत, आणि आठवड्याच्या आठवड्याला मतांचा तक्ता संपादकाच्या मेजावर येई. थॉमस त्या तक्त्यात तळाला गेला. तीनचार हप्त्यांतच कथा आवरती घेण्याची सूचना हागिओला मिळाली, आणि ती थोडी मुदत मागून दिवस ढकलीत राहिली. इतक्यात तिच्या एका वेगळ्या कथेचे पुस्तक बाजारात आले. त्या पुस्तकाच्या तीस हजार प्रती तीन दिवसांत उठल्या, आणि ज्या बाईच्या नावावर एवढा खप होतो, तिची चालू कथा तोडण्यात तोटा आहे, हे व्यवहारी संपादकाच्या ध्यानी आले. थॉमस वाचला तो सहिष्णुतेने नव्हे, खपाच्या आकड्याने.

ताकेमियाची कैफियत याहून लांब आहे. 'वारा आणि झाडांचे गाणे' ही तिची कथा एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये घडते, आणि तिचे पहिलेच पान शय्येवरल्या दोन मुलग्यांचे आहे. संपादक ते पान छापावयास तयार होईनात, ती ते बदलावयास तयार होईना, आणि असे कित्येक वर्षे चालले. अखेर तिने तजवीज केली ती अशी: आधी प्राचीन मिसरावरची एक लोकप्रिय कथा रंगवून वाचकांच्या तक्त्यात वर चढावयाचे, आणि त्या बळावर आपले पान वसूल करावयाचे. 1976 मध्ये ते पान, काहीही न बदलता, छापले गेले. कथा 1984 पर्यंत चालली, मध्यंतरी 1979 मध्ये तिला प्रतिष्ठेचा पुरस्कार मिळाला, आणि तीच ताकेमिया पुढे क्योतो सेइका विद्यापीठाची अध्यक्ष झाली.

मृत्यू मात्र येथेही आहेच. थॉमस आरंभी मरतो, ताकेमियाचा जिल्बेर शेवटी मरतो. आणि 1971 मध्ये र्योको यामागिशी हिने दोन मुलींच्या प्रेमाची जी पहिली चित्रकथा रंगविली, तिच्यातली एक मुलगीही मरते. पण ही मंडळी ज्या कागदावर जन्मली, त्याचा एक धर्म होता: पुढल्या आठवड्याला पुढचा अंक निघतो. एक कथा मरणाने संपली, तर दुसरी सुरू करावी लागते, तिसरी करावी लागते, आणि शंभराव्या कथेपर्यंत पोहोचताना लेखिकेला आणि वाचकांनाही मरणाचा कंटाळा येतो. शिवाय वाचकांच्या हातीही लेखणी आली होती. 21 डिसेंबर 1975 रोजी तोक्योत हौशी चित्रकथाकारांचा पहिला बाजार भरला, त्यात बत्तीस मंडळे होती आणि सातशेच्या आसपास माणसे. त्यांत मोठा भरणा शाळकरी मुलींचा. या हौशी मुलींनी आपल्या कथांना थट्टेने एक नाव दिले, 'याओइ', म्हणजे जिला कळस नाही, शेवट नाही, अर्थही नाही अशी गोष्ट. 1978 मध्ये याच मालाचे स्वतंत्र मासिक निघाले.

या सर्वांत खऱ्या समलिंगी पुरुषाला काय वाटते, हे कोणी विचारले नव्हते. त्यांचे स्वतःचे मासिक, इतो बुंगाकु या संसारी प्रकाशकाने 1971 मध्ये काढलेले, 'गुलाबांची जमात' अशा अर्थाच्या नावाने चालत होते. त्याच संपादकाने पुढे स्त्रियांसाठी 'लिलींची जमात' हा शब्द योजिला, आणि स्त्रियांच्या प्रेमकथेला आजही जपानात लिलीचेच नाव आहे. 1992 साली एका स्त्रीवादी पत्रिकेत साटो मासाकी याने चित्रकथाकार स्त्रियांवर फिर्याद गुदरली, की तुम्ही रंगविता ते सडपातळ, सुकुमार मुलगे आमचे कोणी नव्हेत, आणि आमच्या जिण्याचे तुम्ही मनोरंजन केले आहे. फिर्याद रास्त होती, असे मी म्हणेन. मात्र तिच्यामुळे स्त्रियांनी लेखणी टाकली नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांतल्या कित्येकींनी ती फिर्याद ऐकली. योशिनागाचा भाजीचा हिशेब मांडणारा शिरो त्या वादानंतरचा आहे.

आता घराकडे वळू.

आपल्याकडेही एक नियतकालिक होते. जुलै 1927 मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' सुरू केले, आणि गणिताचा हा प्राध्यापक, नोकरीवर पाणी सोडून, खिशातले पैसे घालून, शेवटपर्यंत ते चालवीत राहिला. ज्या गोष्टी माणसे वैद्यालाही विचारावयास लाजत, त्या ती कर्व्यांना पत्राने विचारीत, आणि कर्वे त्यांची उत्तरे छापीत; न रागावता, न लाजता, आणि मुख्य म्हणजे विचारणाऱ्याला पापी न ठरविता. त्या पत्रांत हस्तमैथुनाविषयी प्रश्न असत, तसे समलिंगी संबंधांविषयीही असत. 1931 मध्ये व्यभिचारावरील लेखापायी एकदा दंड होऊन गेला होताच. 1934 मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या या उत्तरांवरून अश्लीलतेचा दुसरा खटला उभा राहिला. कर्व्यांचे वकीलपत्र डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. प्रश्न विकृत आहेत, तर त्यांना उत्तरे द्यावीतच कशाला, या आक्षेपाला त्यांचे म्हणणे असे, की लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लिखाण अश्लील होत नाही, आणि ज्ञानाला दुसरा पर्याय नाही. समलिंगी प्रवृत्तीच्या मुद्द्यावर त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचाही आधार घेतला. खटला ते हरले आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

दोनशे रुपयांच्या त्या दंडाने मराठीत काय बुडाले, याचा हिशेब मी पुष्कळदा मनाशी मांडतो. कर्वे डगमगले नाहीत. 14 ऑक्टोबर 1953 रोजी ते गेले, आणि 'समाजस्वास्थ्य'चा अखेरचा अंक त्यानंतर नोव्हेंबरात निघाला. पण जो धडा घ्यावयाचा, तो इतर संपादकांनी घेतला. 1930 पासून 'स्त्री' मासिक होते, 1952 पासून मराठी 'चांदोबा' होता, 1971 मध्ये, म्हणजे यामागिशीच्या त्या पहिल्या कथेच्याच वर्षी, बालभारतीचे 'किशोर' निघाले. घरातल्या बाईची आणि लहान मुलाची अशी सोय झाली. तेरा ते अठरा वयाच्या मुलीने मुलींसाठी लिहावे, आणि दर आठवड्याला तिला तिच्यासारख्या मुलींच्या मतांचा तक्ता यावा, असा छापखाना मात्र आपल्याकडे उभा राहिला नाही. त्यामुळे हा विषय मराठीत पुन्हा उगवला तो थेट रंगमंचावर.

1981 मध्ये विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' आले. विनय आपटे यांचे दिग्दर्शन, आणि मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी. मित्रा म्हणजे सुमित्रा देव, स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातली महाविद्यालयीन तरुणी. महाविद्यालयातल्या एका नाटकात ती पुरुषाची भूमिका करते, आणि समोर नायिकेचे काम करणाऱ्या नमावर तिचे मन जडते. ताकाराझुकाच्या मुलींना हा प्रसंग लगेच ओळखीचा वाटला असता. बापू नावाचा मित्र, जो तिच्यावर प्रेम करतो आणि तिची चिठ्ठीचपाटीही पोचवितो, तो ही गोष्ट सांगतो. हे नाटक धीट आहे, आणि त्या काळच्या मराठी रंगभूमीवर एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीवरचे प्रेम मोठ्याने बोलून दाखविणे ही लहानसहान बाब नव्हती. तरी त्यात मित्राला बापूच्या नजरेतून पाहावे लागते, आणि अखेर ती जीव देते. पुढल्या वर्षीच्या 'उंबरठा' या चित्रपटात महिलाश्रमातील दोघींचे संबंध दिसतात ते एक प्रशासकीय अडचण म्हणून, डॉक्टरकडे सोपविण्याजोगा आजार म्हणून. तेंडुलकरांचा दोष काढावा असा माझा हेतू नाही. नाटकाला पडदा असतो, आणि तो पडावयाचा तर काहीतरी घडावेच लागते. अंकांच्या मर्यादेत समलिंगी माणूस आणला, म्हणजे तो समस्या होऊन येतो आणि समस्येची वासलात लावून जातो. माझ्या पिढीची जी अपेक्षा मी वर सांगितली, ती अशा पडद्यांनी घडविलेली आहे.

पुढचे मी भराभर सांगतो, कारण ते अजून इतिहास होऊन थंड झालेले नाही. 1990 मध्ये मुंबईत अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' काढले, 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट आला, 2002 मध्ये पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट स्थापिला आणि मराठीत सोप्या भाषेत या विषयावर पुस्तके लिहिली. 'समपथिक' हा शब्द मला फार आवडतो. तो कोणाच्या रोगाचे नाव वाटत नाही. 2001 मध्ये कर्व्यांच्या जीवनावर 'ध्यासपर्व' काढणाऱ्या अमोल पालेकरांनी 2006 मध्ये 'थांग' केला, त्यात नवऱ्याचे पुरुषाशी असलेले नाते कळलेल्या पत्नीची बाजू आहे. त्याच वर्षी मौजेने सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही छोटी कादंबरी छापली. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात पेइंग गेस्ट येतो, घरातला मुलगा तनय आणि मुलगी अनुजा या दोघांचेही त्याच्यावर प्रेम जडते, आणि दोघे आपापली हकीकत वेगवेगळी सांगतात. एके दिवशी तो माणूस निघून जातो. मरत कोणी नाही. मराठीत हा विषय मरणावाचून पुरा होऊ शकतो, हे मला त्या पुस्तकाने प्रथम दाखविले.

आणि मग दोन कथा, एक तिकडची, एक इकडची, ज्या मी गेल्या वर्षात लागोपाठ पाहिल्या आणि ज्यांतले साम्य अजून मनातून जात नाही. गेंगोरो तागामे हा स्वतः समलिंगी चित्रकार. आयुष्यभर केवळ पुरुषांसाठी, आणि तेही उग्र, लिहून झाल्यावर त्याने 2014 ते 2017 या काळात एका सर्वसाधारण मासिकात 'माझ्या भावाचा नवरा' ही कथा रंगविली. जुळ्या भावांपैकी एक परदेशी जाऊन तेथे विवाह करतो आणि मरतो; त्याचा कॅनडातला धिप्पाड नवरा माइक, दिवंगताचे गाव पाहावे म्हणून, जपानात थोरल्याच्या दारी येऊन उभा राहतो. या पाहुण्याला कोणत्या नात्याने घरात घ्यावे, हे त्या थोरल्याला उमगत नाही. त्याच्या लहानग्या मुलीला क्षणात उमगते, कारण तिला एक काका मिळालेला असतो.

रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या चित्रपटाला 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि तो महोत्सव गाठणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांचे सुतक पाळण्यासाठी आईबरोबर गावी जातो. अनवाणी चालणे, ठराविक खाणे, आणि लग्न कधी करणार या आत्यामावश्यांच्या प्रश्नाला उत्तरे देणे, असे ते दिवस. तेथे बालपणीचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. बाळ्यावरही लग्नाचा दाब आहे. तो आनंदसाठी साबराची बोंडे आणतो. हे फळ ज्यांनी खाल्ले असेल त्यांना ठाऊक आहे, की त्याच्यावरची बारीक कुसळे आधी दगडावर नाहीतर मातीत घासून काढावी लागतात, नाहीतर ती जिभेत रुततात आणि दिवसभर सुटत नाहीत. आतला गर मात्र गडद लाल आणि गोड असतो. जपान्यांनी या प्रेमाला गुलाब म्हटले, लिली म्हटले. आपल्या वाट्याला आलेले फळ बांधावर आपोआप उगवते आणि त्याला कोणी पाणी घालीत नाही.

दोन्ही कथांत मृत्यू आहे, पण तो प्रेम करणाऱ्याच्या डोक्यावर दंड म्हणून पडत नाही. तो घरात होतो, जसा कोणाच्याही घरात होतो, आणि मग स्वयंपाक कोणी करावयाचा, पाहुण्याला कोठे झोपवावयाचे, असे प्रश्न उरतात.

भाची जूनमध्ये परत गेली. जाण्यापूर्वी तिने मला एक वही दाखविली. तिच्यात चौकटी होत्या, पेन्सिलीने काढलेल्या, डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या. दोन मुली रोज खांदेश्वराला गाडीत बसतात आणि नेरूळला उतरतात, अशी ती गोष्ट. त्यांतली एक दाराशी उभी राहते, दुसरी तिच्यासाठी जागा धरते, आणि बारा पाने झाली तरी कोणी काही बोललेले नाही. "पुढे काय होतं?" मी विचारले. "अजून ठरलं नाही," ती म्हणाली. "छापणार कोण आहे, मामा?"

मराठी मासिकांच्या आणि साप्ताहिकांच्या संपादकांपाशी माझे एवढेच मागणे आहे. दिवाळी अंकात एकदा विशेष विभाग काढून मोकळे होऊ नका. दरमहा सोळा पाने द्या, ती एखाद्या मुलीच्या हाती सोपवा, शेवट काय असावा हे तिला सांगू नका, आणि अंकात एक मतपत्रिका घाला. वर्षभर चालवून पाहा. खप घटला, तर बंद करण्याचा हक्क तुमचा आहेच.